झाकण

थोरली त्या दिवशी शेडमध्ये तोंड उघडणार नव्हती. तसा शब्दच लेकीने सकाळी तिच्याकडून घेतला होता, तोही दीर आणि जाऊ समोर बसलेले असताना, म्हणजे नंतर कुणाला नाही म्हणायची सोय राहू नये. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं, बघायचं आणि मेन स्विचच्या आसपास फिरकायचं नाही. "पुन्हा स्विच पाडलास तर मी टेबल उचलून दुसरीकडे शेड बघेन," खार म्हणाली होती, "आणि टेबलाबरोबर मीही जाईन." ती हे अगदी हळू आवाजात म्हणाली, म्हणून थोरलीने ते खरं मानलं. ओरडून बोललेलं या घरात कुणीच मनावर घेत नसे.

खार हे काही मुलीचं पाळण्यातलं नाव नव्हे. लहानपणी ती बापाच्या शेडमधले नट-बोल्ट फ्रॉकच्या खिशात, मोज्यात, प्रसंगी गालात भरून आणायची आणि उशीखाली साठवायची, म्हणून बापानेच ते ठेवलं. बाप गेला, नाव राहिलं. आता सव्वीस वर्षांची ही खार चार महिने खपून शेडमध्ये प्लाझ्माने पत्रा कापायचं टेबल बांधत होती. कंबरेएवढी लोखंडी चौकट, दोन्ही बाजूंना रूळ, रुळांवरून धावणारा आडवा दांडा आणि त्या दांड्याला लटकलेली टॉर्च. संगणकावर आकृती काढायची, बटण दाबायचं, की टॉर्चमधून निघणारी निळी ज्वाळा जाड पत्रा लोण्यासारखा कापत जाणार. पत्रा ठेवायला उभ्या धारेच्या पट्ट्या आणि पट्ट्यांखाली पाण्याचा उथळ हौद, ठिणग्या आणि धूर गिळायला.

सुरुवातीला घरात दोन तट होते. खार आणि तिचा काका एकीकडे, थोरली आणि मिस्त्री दुसरीकडे. जाऊ होती मध्ये, जिकडे हसणं चालू असेल तिकडे. मिस्त्री म्हणजे थोरलीचे सासरे. अख्खी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची आणि घरातही तेच रूढ झालं होतं. ज्याला हाताने सरळ रेघ कापता येत नाही त्याने यंत्राला काय शिकवावं, असं त्यांचं म्हणणं. पण खार पक्की होती. चौकट उभी राहिल्यावर ती आजोबांकडे गेली आणि म्हणाली, लेव्हल तेवढी तुम्ही काढून द्या, माझ्या यंत्रांवर माझा भरवसा नाही. म्हातारा दोन दिवस पाण्याची नळी घेऊन फरशीवर लोळला आणि उठला तो तिच्या बाजूने. मग एके दिवशी टॉर्चच्या जागी पेन बांधून टेबलाने जावेच्या खिडकीसाठी वेलबुट्टीची जाळी पुठ्ठ्यावर काढून दाखवली, आणि जाऊही तिकडे गेली. थोरली एकटी उरली.

तिच्या भीतीची घरात थट्टाच जास्त होत असे, आणि खरं सांगायचं तर थट्टा व्हावी असंच तिचं वागणं होतं. टॉर्चला दाबाची हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरने जरा फुस्कारा सोडला तर ही ओल्या केसांनी रस्त्यावर धावली आणि चार घरं गोळा करून आली. दोनदा तिने चालत्या कामात मेन स्विच खाली ओढला. दुसऱ्या वेळी पत्रा वाया गेला आणि खार आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. जाऊ तर पाहुण्यांनाही सांगायची, की आमच्या ताई प्रत्येक भांडं दोनदा धुतात, त्यांच्याकडची पातेली एक दिवस झिजून आरपार दिसायला लागतील. लोक हसत. थोरलीही हसायची.

दोनदा धुण्यामागचं कारण मात्र कुणी बोलून दाखवत नसे. अकरा वर्षांपूर्वी याच शेडमध्ये तिच्या नवऱ्याने एका रिकाम्या पिंपाला गॅस कटर लावला होता. पिंप थिनरचं. आदल्या दिवशी थोरलीनेच ते साबण आणि कढत पाण्याने धुतलं होतं. सकाळी ते फुटलं. तिने नीट धुतलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ निघत होता. तसं तिला कुणीही म्हटलं नाही. तसं नाही, असंही कुणी म्हटलं नाही. पिंप हा शब्द तेव्हापासून त्या घरातून गेला होता.

दहाच्या सुमाराला ती पाच कप चहा घेऊन शेडमध्ये गेली. मिस्त्री खुर्ची ओढून टेबलाला टेकून बसले होते आणि त्यांचा एक हात झाकणावर होता. हे झाकण म्हणजे त्यांची टेबलाला भेट. दोन सुट्या पानांचं, प्रत्येक पान डब्याच्या झाकणासारख्या चारी बाजूंनी खाली वळवलेल्या काठांचं, काठांना जुन्या ट्यूबचं रबर डकवलेलं. मुंगी शिरून दाखवावी, असं ते चौघांना ऐकवून झाले होते. काम संपलं की झाका, हा त्यांचा जन्माचा नियम. रंगाचा डबा असो, डिंक असो की खिळ्यांची बरणी, मिस्त्रींच्या हाताखालून काही उघडं जात नसे. काल खारने दिवसभर एका शाळेच्या पाटीसाठी ॲल्युमिनियमची अक्षरं कापली, आणि संध्याकाळी मिस्त्रींनी स्वतः दोन्ही पानं बसवून वर हलकेच थाप मारली होती, बाळाला निजवल्यासारखी.

आज लोखंड कापायचं होतं, सगळ्यांच्या देखत, जावेच्या खिडकीची जाळी. तुकडा लहान, म्हणून खारने एकच पान उघडलं होतं. दुसरं तसंच होतं. थोरलीने कप वाटले आणि शब्द दिल्याप्रमाणे स्टुलावर जाऊन बसली.

तिथून तिला उघड्या बाजूचं पाणी दिसत होतं. तळाशी कालचा करडा गाळ बसला होता आणि त्या गाळातून बारीक बुडबुडे वर येत होते. टाचणीच्या डोक्याएवढे, एकामागून एक, घाई नसलेले. आधी तिला वाटलं, कॉम्प्रेसरच्या हादऱ्याने पाणी हलत असेल. पण कॉम्प्रेसर भरून बंद झाला होता. मग वाटलं, हे आपलं नेहमीचंच. तिने नजर काढून छताकडे लावली, दहा आकडे मोजले आणि पुन्हा खाली पाहिलं. बुडबुडे येतच होते.

थोरली एकवीस वर्षं कॉलेजच्या रसायनशाळेत कामाला होती. नळ्या धुणं, बाटल्या भरणं, मुलं गेल्यावर टेबलं पुसणं. दरवर्षी तोच धडा, तेच सर, आणि दाराशी उभी राहून ऐकणारी ती. ॲल्युमिनियमचा चुरा, सोड्याचं पाणी, आणि वर येणारा हायड्रोजन. हलका वायू, म्हणून उपड्या नळीत धरायचा. नळीच्या तोंडाशी काडी नेली की पप् असा आवाज. पहिल्या वर्षी त्या आवाजाने तिच्या हातून ट्रे पडला होता. आणि या हौदात सोडा होता. पट्ट्या गंजू नयेत म्हणून खारने धुण्याचा सोडा मागितला, आणि या घरात सोडा कुठे असतो ते थोरलीलाच ठाऊक, तेव्हा पिशवी तिनेच आणून दिली होती.

उपडी नळी, तिच्या मनात आलं, आणि तिची नजर मिस्त्रींच्या हाताखालच्या झाकणावर गेली.

एरवीची भीती पोटातून वर येई, घाम फोडी, पाय पळायला लावी. आता तिचे हात कोरडे होते. तिला पळावंसं वाटेना, ओरडावंसं वाटेना. तिला फार स्पष्ट दिसत होतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. खारने सगळ्यांना काळे चष्मे दिले, स्वतःचा चढवला आणि बटणाकडे हात नेला. आता बोलले तर ही जाईल, थोरलीला वाटलं. न बोलले तरी जाईल.

"थांब," ती म्हणाली. "मी स्विचला हात लावत नाही. जागची उठलेही नाही. पण बटण दाबू नकोस."

खारने चष्मा वर केला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कंटाळा होता, आणि तो थोरलीला जास्त लागला. दीर हसला, तो मनाचा चांगला होता आणि अवघड वेळी हसायचा. "वहिनी, अहो लोखंडाचा पत्रा आहे," तो म्हणाला. "पिंप थोडंच आहे."

शब्द निघून गेला होता. जावेने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याची मान खाली गेली. मिस्त्रींनी तोंडाशी नेलेला कप खाली घेतला.

"कालचा चुरा पाण्यात आहे," थोरली म्हणाली. "ॲल्युमिनियमचा. आणि पाण्यात सोडा आहे."

खार म्हणाली, की ॲल्युमिनियमचं तिला माहीत आहे, तिने वाचलंय, म्हणून तर काल प्रत्येक कापानंतर ती पाणी ढवळून वायू घालवत होती. आणि आज ॲल्युमिनियम नाहीच.

"रात्री कुणी ढवळलं?"

"रात्री टेबल बंद होतं, आई."

"टेबल बंद होतं. पाणी बंद नव्हतं."

खारने चष्मा काढून ठेवला. ती बापावर गेली होती, म्हणजे हट्टी होती, पण पटण्यासारखं काही समोर आलं तर त्याला वळसा घालून जायची नाही. तिने वाकून पाण्यात पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "दाखव."

थोरली उठली. तेल ओतायचं नरसाळं आणि औषधाची एक रिकामी काचेची बाटली तिने फळीवरून घेतली. बाटली पाण्याने काठोकाठ भरली, हौदात उपडी धरली, तोंडाशी नरसाळं लावलं आणि एका तारेने तळचा गाळ हलवला. बुडबुडे भराभर नरसाळ्यात शिरले आणि बाटलीतलं पाणी एकेक रेघ खाली सरकू लागलं. तिचे हात हलत नव्हते. घरच्यांनी तिला असं काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना माहीत होती ती दचकणारी, दारं पुन्हा तपासणारी बाई. दोन बोटं वायू जमला तशी तिने पाण्याखालीच बाटलीच्या तोंडावर अंगठा दाबला आणि बाटली उपडीच धरून शटरबाहेर अंगणात निघाली. मागोमाग खार, दीर, जाऊ, आपापले कप हातात घेऊन. मिस्त्रींचे गुडघे धड नव्हते, ते बसूनच राहिले.

तिने अंगठा काढला, उरलेलं पाणी सांडू दिलं आणि दिराला पेटती काडी बाटलीच्या तोंडाशी धरायला सांगितली.

पप्.

एवढासाच आवाज, कुणी ओठ उघडावेत तेवढा. जावेने सुटकेचा श्वास टाकला. एवढंच का, असं ती म्हणाली, आणि खरंच तिला हसू येत होतं.

"ही औषधाच्या बाटलीतली दोन बोटं," थोरली म्हणाली. "आत ते झाकण आहे. पालथ्या घमेल्यासारखं, रबर लावलेलं. काल संध्याकाळपासून त्याच्याखाली हेच साठतंय."

सगळ्यांनी एकदमच आत पाहिलं. मिस्त्री खुर्चीत होते आणि हात झाकणावर होता.

तेवढ्यात खारचा चेहरा उतरला. "कॉम्प्रेसर," ती म्हणाली. कॉम्प्रेसर झाकणाच्या अगदी बाजूला होता. टाकीतली हवा कमी झाली की तो आपोआप चालू व्हायचा, कुणी हात लावायची गरज नव्हती, आणि चालू होताना त्याच्या स्विचच्या डबीत दरवेळी ठिणगी पडायची. त्याच्या हवेच्या नळीला बारीक गळती होती. ती काढायची म्हणून खार गेले आठ दिवस म्हणत होती. ती शेडकडे धावली. "मेन स्विच..."

थोरलीने तिचं मनगट धरलं. अकरा वर्षं ज्या स्विचकडे तिचं लक्ष उठता-बसता धावत होतं, तोही झाकणापासून दोन हातांवर होता. "स्विचला हात लावू नकोस. तोही ठिणगी टाकतो." जावेला तिने घरातल्या मीटरकडे पिटाळलं, फ्यूज उपटून काढ म्हणून. दिराला शटर पूर्ण वर सारायला सांगितलं. आणि खारचं मनगट सोडून ती एकटी आत गेली.

दहा पावलांचं अंतर. नळीतून हवेची सुंई सुंई ऐकू येत होती आणि कॉम्प्रेसरच्या तबकडीवरचा काटा कुठे आहे ते पाहायचं धैर्य तिला झालं नाही. तिची पाचावर धारण बसली होती, पण पाय चालत होते.

"बाबा, उठा. बाहेर चला."

मिस्त्री उठले नाहीत. ते तिच्याकडे पाहत होते. "झाकलं नसतं तर?" त्यांनी विचारलं.

"तर वर निघून गेला असता. छपराच्या पत्र्यांच्या फटींतून. उठा ना."

"सूनबाई," ते म्हणाले, "त्या पिंपाचं बूच मी लावलं होतं."

तिला शब्द ऐकू आले, अर्थ मागून आला. काटा खाली सरकत असणार. तिच्या मनात आलं की या माणसाला इथेच सोडून आपण वळावं आणि दहा पावलं चालावीत. हे तिच्या मनात खरोखर आलं, आणि पुढेही तिने ते स्वतःपासून कधी लपवलं नाही. मग तिने त्यांच्या काखेत हात घातला, त्यांना उभं केलं आणि त्यांच्या गुडघ्यांना झेपेल त्या चालीने, एकेक पाऊल, बाहेर आणलं. त्यांच्या दुसऱ्या हातात कप तसाच होता. चहावर साय धरली होती.

ते शटर ओलांडत होते तेव्हा शेडमधला दिवा गेला. जावेने फ्यूज काढला होता.

दिराने लांब सळईला आकडा वाकवला, अंगणातल्या भिंतीआडून झाकणाच्या काठात अडकवला आणि ओढला. झाकण पट्ट्यांवरून घसरलं आणि फरशीवर आदळलं. सगळे कान झाकून उभे होते. काही झालं नाही. काही दिसलंही नाही. जे होतं ते वर निघून गेलं आणि शेड होती तशी दिसू लागली. दीर हसू पाहत होता पण ते जमेना, आणि तो भिंतीला टेकून खाली बसला.

पायरीवर बसून मिस्त्रींनी सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. थोरल्याने पिंप धुऊन घेतल्यावर बूच उघडं टाकून त्याला वारा दिला होता, रात्रभर राहू दे म्हणाला होता. संध्याकाळी शेड बंद करताना मिस्त्रींना ते उघडं दिसलं आणि त्यांनी बूच घट्ट लावलं. मुद्दाम नाही. हाताला सवय होती. पिंप आडवं होतं, बुचाची बाजू भिंतीकडे. सकाळी मुलाने वाकून पाहिलं नाही. आपण उघडं ठेवलंय हे त्याला माहीत होतं.

"तुम्हाला हे कधी कळलं?" थोरलीने विचारलं.

"आवाज झाला तेव्हाच."

खारने आजोबांच्या खांद्यावर ठेवलेला हात काढून घेतला. जाऊ दारात फ्यूज हातात घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, आणि भांड्यांचा विनोद आठवून तिचे डोळे भरून आले.

"अकरा वर्षं मी भांडी दोनदा धुतेय, बाबा," थोरली म्हणाली.

"दिसत होतं," मिस्त्री म्हणाले.

थोड्या वेळाने खार उठली. हौदाचं पाणी आज सोडून देते, गाळ काढते, नळीही दुरुस्त करते, असं ती म्हणाली. बोलताना ती आईकडे पाहत नव्हती. मग पाहिलं. "उद्या येशील ना? स्टूल कोपऱ्यात नको. माझ्याजवळ ठेवते." थोरलीने मान डोलावली. तिला लेकीला जवळ घ्यावंसं वाटत होतं, पण सगळ्यांच्या देखत ते तिला जमलं नसतं.

म्हणून तिने कप गोळा केले. अंगणातल्या नळाखाली एकेक धरला, धुतला आणि पालथा घातला. चौथा धुऊन झाल्यावर हात सवयीने पुन्हा पहिल्या कपाकडे गेला आणि तिथे थांबला. कप स्वच्छ होता. तिने तो उचलला नाही. पदराला हात पुसून ती घरात गेली.

पाचवा कप मिस्त्रींच्या हातात राहिला होता. तो तिने मागितला नव्हता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला दिसलं, की म्हातारा भिंतीला धरून उठला, नळापाशी गेला आणि गार चहा ओतून टाकून कप धुऊ लागला. धुऊन त्यांनी तो उजेडात धरला, आत पाहिलं, आणि पुन्हा धुवायला घेतला.